सर्व्हर चालू होता

साकोली
१६ नोव्हेंबर २०२२

धम्मदीप,

जय भीम. त्याच्याआधी ‘सप्रेम’ लिहायची आपल्या घरची रीत आहे, बाबांनी लावलेली. आज मी ते लिहिणार नाही.

फोनवर तू मला बंद करून टाकलंस, मेसेज पोचत नाहीत, म्हणून हे पत्र तुझ्या हैदराबादच्या ऑफिसच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टानं पाठवते आहे. सही करून घ्यावं लागेल. सही करायला तुला जड जात नाही, हे मला काल कळलं.

काल दवाखाने चालवणाऱ्या संस्थेच्या कार्यालयात मला तुमच्या कंपनीचं पत्र वाचायला मिळालं. दहा-बारा ओळींचं इंग्रजी पत्र. २९ ऑक्टोबरला सर्व्हर दिवसभर अखंड चालू होता. त्या दिवशी दुपारी कवडीटोला दवाखान्यातून एकदाही काही विचारलं गेलं नाही. खाली तुझं नाव, तुझा हुद्दा, तुझी सही. या दोन वाक्यांवर चौकशी समितीनं ठरवून टाकलं की नर्स रुखमिणीताईंनी औषधांचा साठा दाखवणारा टॅब उघडलाच नाही, पेशंटला अंदाजानं भलतीकडे पाठवलं आणि तो मेला. ताईंना कामावरून दूर केलं आहे. मेलेल्या माणसाच्या घरच्यांनी पोलिसात तक्रार दिली आहे. ज्या बाईनं त्या जंगलकडेच्या गावात इतकी बाळंतपणं केली, तिच्या घराचं दार आता दिवसाही आतून लावलेलं असतं.

तू इथे नव्हतास. तुझ्याकडे तर काहीच पोचलं नव्हतं. म्हणून काय झालं ते माझ्याकडून ऐक.

धान कापणी जोरात होती. कवडीटोल्याचा तुलाराम बांधीतला कापलेल्या धानाचा कडपा उचलत असताना हाताला परड चावली. तुझ्या ऑफिसात कोणी विचारलं तर घोणस म्हणून सांग. बायको गोदावरीबाई आणि साळा त्याला मोटरसायकलवर मधे बसवून दवाखान्यात घेऊन आले. शनिवार होता, डॉक्टरचा तो दिवस नव्हता. रुखमिणीताईंकडे सर्पविषावरच्या लसीच्या चार कुप्या होत्या आणि या सापाला दहांपासून सुरुवात करावी लागते. त्यांनी सलाइन लावलं, चारही कुप्या दिल्या आणि बाकीच्या कुठे मिळतील ते बघायला टॅब उघडला.

गोल चक्र फिरत राहिलं. सकाळीच हायवेच्या कामावरच्या मशीननं केबल तोडली होती. त्या बाजूचे टॉवर बंद, फोनही बंद. साकोलीचा रस्ताही त्याच खोदकामानं अडलेला, ट्रकांच्या रांगा लागलेल्या. उरले दोन दवाखाने, पांगरटोला आणि सालईडोह, दोन उलट दिशांना. पांगरटोल्याला मागच्याच आठवड्यात नवा माल आला हे ताईंना ठाऊक होतं. त्यांनी जीप तिकडे काढली. पांगरटोल्याचा फ्रीज दोन दिवसांपूर्वी बिघडला होता आणि सगळ्या कुप्या सालईडोहला हलवल्या होत्या, हे त्यांना ठाऊक नव्हतं. जीप तिथून उलटी फिरली. सालईडोह यायच्या आधी तुलाराम गेला, बायकोच्या मांडीवर.

कुप्या कुठे आहेत हे तुझ्या सर्व्हरला माहीत होतं. अगदी बरोबर माहीत होतं. तो हैदराबादच्या थंडगार खोलीत चालू होता, आणि इथे चक्र फिरत होतं. ताईंनी कितीदा तरी विचारलं. त्यांची हाक तुझ्यापर्यंत पोचली नाही म्हणून तू लिहून दिलंस की त्यांनी हाक मारलीच नाही.

माझी जुनी पद्धत असती तर शुक्रवारी संध्याकाळचा आकडा ताईंच्या टॅबमध्येच असता. सालईडोह, चोवीस कुप्या. विचारायला हैदराबादला जावं लागलं नसतं.

तू समितीला एवढंच लिही की सर्व्हर चालू असणं वेगळं आणि दवाखान्याला तो सापडणं वेगळं. त्या दुपारी त्या रस्त्यावरच्या कुठल्याच दवाखान्यातून तुझ्याकडे काही आलं नसेल. ते फक्त तू बघू शकतोस, आणि कंपनीच्या कागदाशिवाय समिती दुसरं काही मानायला तयार नाही.

प्रतिक्षा


साकोली
३० नोव्हेंबर २०२२

धम्मदीप,

पोचपावती परत आली. तुझी सही ओळखली. उत्तर नाही.

रविवारी तू आईला फोन केलास. थंडी पडली का विचारलंस, बाबांच्या गुडघ्याचं विचारलंस, भाजी काय केली ते विचारलंस. मी समोरच धान्य निवडत बसले होते. आईनं माझं नाव काढलं तेव्हा तुझ्या मीटिंगची वेळ झाली. आईनं फोन ठेवला आणि मला म्हणाली, “तुमी दोघं एका ताटात जेवलेले लेकरं, कोनती गोष्ट एवढी मोठी झाली?” मी तिला समजावून सांगू शकले नाही. तुलाच सांगते, म्हणजे निदान कोणीतरी मला खोटं ठरवून दाखवेल.

आपण परसरामच्या दुकानावरच्या खोलीत हे काम सुरू केलं तेव्हा तू माझ्याच बाजूनं होतास. संस्थेचे दवाखाने नागझिऱ्याच्या जंगलाच्या कडेकडेनं, काही आता गोंदिया जिल्ह्यात गेलेल्या गावांत. कुठे रेंज झाडावर चढल्यावर मिळते. म्हणून आपण ठरवलं की प्रत्येक टॅबमध्ये त्याचा स्वतःचा छोटा डेटाबेस ठेवायचा. नर्सनं विचारलं की तिथल्या तिथे उत्तर. रेंज आली की टॅब एकमेकांना आपापले बदल कळवतील. नाही आली तर आली तेव्हा. तूच त्याचा अर्धा कोड लिहिलास. चहा प्यायला खाली जायचं तर तू टॅब घेऊन जायचास आणि परसरामला दाखवायचास.

मग परसरामलाच साप चावला. आपल्या टॅबवर पांगरटोल्याला आठ कुप्या दिसत होत्या. सकाळीच त्या दुसऱ्या कोणाला देऊन झाल्या होत्या, पण तिथल्या टॅबला रेंज नव्हती म्हणून तो बदल आपल्याकडे आलाच नव्हता. तू त्याला मोटरसायकलवर घेऊन गेलास आणि रिकाम्या फ्रीजसमोर उभा राहिलास. परसराम वाचला, पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्या दिवशी घरी येऊन तू माझ्या अंगावर टॅब फेकलास. “तुझा आकडा खोटा आहे,” म्हणालास.

मी तेव्हाही म्हटलं होतं, आकडा खोटा नव्हता, जुना होता. आणि जुना होता हे आपण पडद्यावर दाखवलं नव्हतं. ते दाखवू या. प्रत्येक आकड्याखाली तो कधी कळला ते मोठ्या अक्षरात लिहू या. आणि एका दवाखान्याच्या कुप्या पेशंटसाठी धरून ठेवायच्या तर त्या दवाखान्याचा होकार आल्याशिवाय धरल्या असं दाखवायचं नाही. तू ऐकलं नाहीस. तुला एकच जागा पाहिजे होती, एकच सर्व्हर, एकच खरा आकडा, ज्याच्यावर कोणी शंका घेणार नाही. मला तुझं दुःख कळत होतं, म्हणून मी तेव्हा गप्प बसले. पुढे तू जे केलंस त्याला दुःख म्हणत नाहीत.

जूनमधला भंडाऱ्याचा तो हॉल आठव. मोठा पडदा, एसी, हॉलचं स्वतःचं इंटरनेट. दोन्ही पद्धतींचा वेग सगळ्यांसमोर मोजायचा होता आणि प्रश्न तू निवडलास. वर्षभरात सगळ्या दवाखान्यांत मिळून कोणतं औषध किती लागलं? तुझ्या सर्व्हरनं पापणी लवायच्या आत रंगीत तक्ता काढला. माझ्या पद्धतीला ते एकेका टॅबकडून गोळा करायचं होतं, त्यातले काही टॅब बंद. ते उत्तर दुसऱ्या दिवशी पूर्ण झालं. संस्थेचे अध्यक्ष डॉक्टरसाहेब, त्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणून सगळ्यांनी वाजवल्या.

तो अध्यक्षांचा प्रश्न होता, धम्मदीप. महिन्यातून एकदा पडणारा. त्या प्रश्नात सर्व्हर जिंकणारच, त्यासाठीच तो बनलेला आहे. मी उभी राहून म्हटलं, आता नर्सचा प्रश्न विचारू या. जवळ लस कुठे आहे? आणि तो या हॉलमधून नाही, कवडीटोल्याहून विचारू या. डॉक्टरसाहेबांनी घड्याळ पाहिलं, जेवण तयार होतं. आणि तू माईकवर म्हणालास, “प्रतिक्षा, घरचं भांडण इथे नको.”

सगळे हसले. माझा प्रश्न तिथेच संपला. महिन्याभरात तो सर्व्हर पुरवणाऱ्या कंपनीनं तुला नोकरी दिली आणि तू गेलास. टॅबमधले छोटे डेटाबेस काढून टाकले, कारण दोन ठिकाणी दोन आकडे नकोत. टॅब म्हणजे नुसती काच राहिली.

त्या काचेत रुखमिणीताई चक्र बघत होत्या.

प्रतिक्षा


साकोली
१२ डिसेंबर २०२२

धम्मदीप,

तुझं उत्तर मिळालं. दोन पानं, टाइप केलेली. वर ‘जय भीम’सुद्धा नाही, ‘विषय’ आहे. बहिणीला विषय घालून पत्र लिहिणारा आपल्या खानदानात तू पहिला.

तू लिहितोस, चुकीचं उत्तर देण्यापेक्षा उत्तर न देणं चांगलं. बँकेत हे ठीक आहे. एका खात्यातली रक्कम दोन गावांत निघू नये म्हणून मशीन ‘थोड्या वेळाने या’ म्हणतं. माणूस शिव्या देतो आणि घरी जातो. परड चावलेल्या माणसाला थोड्या वेळाने या म्हणता येत नाही. उत्तर दिलं नाही तर नर्स हातावर हात ठेवून बसत नाही. ती अंदाज करते. तिला अंदाज करायला तू लावलंस आणि अंदाज केला म्हणून शिक्षाही तूच दिलीस.

तू लिहितोस, माझ्या पद्धतीत एकाच वेळी दोन दवाखान्यांना त्याच कुप्या दिसतील, दोघं आपापला पेशंट पाठवतील आणि एक जण रिकाम्या हातानं परत जाईल. हे खरं आहे. मी ते कधीच नाकारलं नाही. तुटलेल्या लाइनवर ताबडतोब उत्तर पाहिजे असेल तर ते जुनं असू शकतं. नेमकं उत्तर पाहिजे असेल तर थांबावं लागतं. दोन्ही एकदम मिळत नाही, हे तू मला कॉलेजात शिकवलंस. आता मलाच दोन पानांत समजावतोस. प्रश्न एवढाच होता की यातली कोणती किंमत कोणी सोसायची, आणि ते ठरवताना ज्याला साप चावतो त्याला कोणी विचारलं का?

तू लिहितोस की तू एकही खोटं वाक्य लिहिलेलं नाहीस. मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आला. खोटं असतं तर मी खोडून काढलं असतं. सर्व्हर चालू होता, खरं. विचारणा आली नाही, खरं. दोन खरी वाक्यं शेजारी ठेवून तू एका बाईला खुनी केलंस.

आणि शेवटच्या परिच्छेदात तू लिहितोस की वेगळं काही लिहिलंस तर नोकरी जाईल, घराचे हप्ते आहेत. बरं झालं, एक तरी गोष्ट माणसासारखी लिहिलीस. निदान तुझ्या सहीमागे काय आहे ते मला समजलं.

परवा मी कवडीटोल्याला गेले होते. गोदावरीबाई अंगणात सुपानं धान पाखडत होत्या. मी सांगितलं की मी हिरालाल गणवीरांची मुलगी, साकोलीची. ज्यानं सर्व्हरचं पत्र दिलं तो माझा सख्खा भाऊ. आधीच सांगितलेलं बरं असं मला वाटलं. त्यांची मुलगी चंद्रकांता पाणी घेऊन येत होती, ती दारातच थांबली.

गोदावरीबाई पाखडतच राहिल्या. सुपातलं फोल उडवून म्हणाल्या की रुखमिणीबाई त्या दिवशी टॅब हातात धरून दारात गेली, मग रस्त्यावर गेली, मग आवाराच्या भिंतीवर चढली, रेंज भेटते का बघायला. हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. मग तक्रारीवर त्यांचा अंगठा कसा? मी विचारलं. त्या म्हणाल्या, दिरानं वाचून दाखवलं, कंपनीच्या साहेबानं लिहून देल्लं की बाईनं काही केलंच नाही.

“मले वाटलं, मी घाबरली होती, मलेच चुकीचं दिसलं असंल,” त्या म्हणाल्या. “एवढा शिकला-सवरला मानूस, तो कायले खोटं लिहीन?”

धम्मदीप, तिनं स्वतःच्या डोळ्यांपेक्षा तुझ्या सहीवर जास्त विश्वास ठेवला. बाबांनी आपल्याला शिकवलं ते यासाठी नव्हतं. आपल्या लोकांना कागदाची भीती वाटू नये म्हणून त्यांनी एसटीची डबल ड्यूटी करून आपल्या फिया भरल्या. आणि तू शिकून कोणाला कागदाची भीती घातलीस?

चंद्रकांतानं पाणी दिलं नाही. तांब्या घेऊन ती आत गेली. मी तशीच परत आले.

प्रतिक्षा


साकोली
२६ डिसेंबर २०२२

धम्मदीप,

थोडक्यात लिहिते, कारण माझ्याजवळ आता चांगले शब्द राहिले नाहीत.

समितीची शेवटची बैठक ५ जानेवारीला, भंडाऱ्याला, त्याच हॉलमध्ये, सकाळी अकराला. त्यानंतर रुखमिणीताईंचं प्रकरण पुढे पाठवणार. पुढे म्हणजे नर्सचं काम कायमचं बंद, आणि पोलिसही मग वाट बघणार नाहीत.

ताईंना मी काल भेटले. त्यांचा भाऊ तुमसरच्या राइस मिलमध्ये आहे, तो त्यांना तिकडे न्यायला आला होता. त्या गेल्या नाहीत. म्हणाल्या, गेले तर लोक म्हणतील पळाली. त्या बारीक झाल्या आहेत. मला त्यांनी विचारलं की बोट लावायचं असतं तिथेच लावलं होतं ना मी? दुसरीकडे लावलं असतं तर लागलं असतं का? तीन वर्षं टॅब वापरणारी बाई मला हे विचारत होती. मी म्हटलं, ताई, तुम्ही बरोबरच केलं. त्यांनी मान हलवली, पण पटलं नाही. माझी सही तुझ्या सहीएवढी मोठी नाही.

परसरामला मी काही सांगितलं नव्हतं. त्याला बाजारात कळलं. काल कुबड्या टेकत तो आपल्या घरी आला, आईच्या समोर बसला आणि मला म्हणाला, तुझ्या भावाला एक निरोप लिहून पाठव. त्यानं सांगितलं तसंच लिहिते.

“त्याले म्हना, माह्या पायाचं नाव घेऊन तू हे सुरू केलं. मी तुले सांगतलं नव्हतं. माह्या पायापायी दुसऱ्याच्या घरातला मानूस गेला आनं दुसऱ्याच्या बाईले जेल होऊन राहिली, हे मले चालत नाही. तू येत नसशीन तर मी येतो हैदराबादले, एका पायानं.”

आई हे सगळं ऐकत होती. तिला आता समजलं की काय एवढं मोठं झालं. ती उठून आत गेली. रात्री तुझा फोन आला तेव्हा तिनं उचलला नाही, हे तुला माहीतच आहे. मी तिला उचलू नको म्हटलेलं नाही.

ये किंवा येऊ नको. पण आला नाहीस तर यापुढे मी तुला पत्र लिहिणार नाही, आणि कोणी विचारलं तर आमच्या घरात एकच मूल असं सांगेन.

प्रतिक्षा


साकोली
२२ जानेवारी २०२३

धम्मदीप,

परत लिहिते आहे, कारण तू आलास.

तू मागच्या दारानं हॉलमध्ये शिरलास तेव्हा मी तुला आधी ओळखलं नाही. दाढी वाढलेली, हातात बॅगही नाही. तू माझ्याकडे बघितलं नाहीस ते बरं झालं. अध्यक्षांनी कंपनीतर्फे आलात का विचारलं तेव्हा तू नाही म्हणालास. मग तू उभ्यानंच बोललास, आणि मराठीत बोललास, म्हणजे गोदावरीबाईंपासून ताईंपर्यंत सगळ्यांना समजलं.

“सर्व्हर चालू होता. पण त्या दुपारी त्या रस्त्यावरच्या एकाही दवाखान्यातून त्याच्यापर्यंत काही पोचलं नाही. लाइन तुटली होती. नर्सनं शंभरदा विचारलं असतं तरी आमच्याकडे कोरंच दिसलं असतं. पत्रावर सही करताना हे मला माहीत होतं.”

शेवटचं वाक्य मी तुझ्याकडून मागितलं नव्हतं. ते तू स्वतःहून बोललास. मला ते ऐकून बरं वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. माहीत होतं तर नोव्हेंबरमध्ये का नाही, असं ओरडावंसं वाटलं. ताई माझ्या शेजारी बसल्या होत्या, त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं म्हणून मी बसून राहिले.

आणि तू निघून गेलास. पाणीसुद्धा न पिता त्याच दारानं बाहेर. त्यानंतर हॉलमध्ये काय झालं ते तू पाहिलं नाहीस, आणि ते तुला माहीत असलं पाहिजे.

डॉक्टरसाहेबांनी समोरचे कागद सारखे केले. मग म्हणाले की प्रकरण पुढे पाठवायचं कारण उरत नाही. ताईंना १० तारखेपासून कामावर घेतलं. तक्रारीचं गोदावरीबाईंच्या दिरानं तिथेच सांगितलं, मागे घेतो म्हणून. ताई रडल्या नाहीत. त्यांनी विचारलं की कवडीटोल्याला सध्या कोण आहे, आणि लस आली आहे का? चारच कुप्या आहेत म्हटल्यावर त्या चिडल्या. दोन महिन्यांत पहिल्यांदा मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला, आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

टॅबचंही ठरलं. सर्व्हर राहणार, डॉक्टरसाहेबांना त्यांचे तक्ते पाहिजेत आणि वर्षाचा माल मागवायला ते लागतातही. पण प्रत्येक टॅबमध्ये परत त्याचा स्वतःचा डेटाबेस येणार. प्रत्येक दवाखाना फक्त आपल्या फ्रीजपुरता मालक, दुसऱ्यांचे आकडे त्याच्याकडे नुसते कळलेले, आणि कधी कळले ते आकड्याएवढ्याच मोठ्या अक्षरात. काम मला दिलं आहे. या वेळी मोजणी हॉलमध्ये करणार नाही, इंटरनेटची वायर काढून कवडीटोल्याला करणार. चुका तरीही होतील. एखाद्या दिवशी जुना आकडा कोणाला तरी भलतीकडे पाठवील. मी ते लिहून दिलं आहे, मराठीत, नर्सेसना वाचता येईल असं.

आता मुख्य गोष्ट. सगळे उठायला लागले तेव्हा गोदावरीबाई उभ्या राहिल्या. त्यांनी तू उभा होतास त्या जागेकडे बघितलं. तिथे कोणी नव्हतं.

“पैले काहून नाही सांगतलं?” त्या म्हणाल्या.

अध्यक्षांना वाटलं त्यांना विचारलं, ते काही बोलायला लागले. गोदावरीबाईंनी हातानं त्यांना थांबवलं आणि परत त्याच जागेला विचारलं. मग चंद्रकांता त्यांना दंडाला धरून बाहेर घेऊन गेली. गावच्या जीपमध्ये बसताना त्यांनी मला बघितलं. तो प्रश्न मला नव्हता.

काल तू आईला फोन केलास. नोकरी गेली, हैदराबाद सोडतो आहेस, आणि घरी येऊ का असं तू विचारलंस, आपल्याच घरी यायला. आईनं माझ्याकडे बघून फोन ठेवला. मग मला म्हणाली, तूच त्याले लिही, तुह्यं ऐकते तो. पहिली चार पत्रं मी लिहिली तेव्हा तू किती ऐकलंस ते तिला माहीत नाही. पण तिचं मन मोडवत नाही म्हणून लिहिते.

माझा राग गेलेला नाही. तो इतक्यात जाणार नाही, आणि गेला असं मी तुझ्या तोंडावर हसून दाखवणारही नाही. पण टॅबच्या कामाला तुझे हात लागतील. अर्धा कोड तुझा आहे आणि त्यात तू काय करून ठेवलंस ते मला अजून उलगडत नाही.

नागपूरहून येणारी गाडी तुला सकाळी साकोलीला सोडील. घराकडे वळू नको. स्टँडवरच थांब, कवडीटोल्याकडे जाणारी बस समोरच लागते. फाट्यावर उतर. तिथून पायी जावं लागतं, बोडीच्या पाळीवरून सरळ, पाणी डाव्या हाताला ठेवून. घरांचा पहिला टोला लागला की कोणालाही तुलारामचं घर विचार. अंगणात गोदावरीबाई असतील, नसतील तर शेतात असतील, तिथे जा. सही, कंपनी, हप्ते, परसरामचा पाय, यातलं काही सांगू नको. त्यांनी जे विचारलं तेवढ्याचं उत्तर दे. त्या काय म्हणतील ते मला माहीत नाही. दारातून हाकलतील, कदाचित.

मग घरी ये. कितीही उशीर झाला तरी आई जेवायची थांबेल.

प्रतिक्षा